डाव्या बाजूची पेटी

ये गं, आत ये, आणि माझ्याजवळ बस. तिकडे लांब खुर्चीत नको. आधी एक सांग, विरारहून आगाशीला यायला माणसाला वर्ष लागतं का? बस बाजारात सोडते, बाजारातून आपली वाडी हाकेच्या अंतरावर. आणि आलीस तीही त्या बसमध्ये उभी राहून, घामानं निथळत. नवऱ्यानं मोठी गाडी घेतली म्हणून फोनवर तूच कौतुकानं सांगत होतीस ना? मग ती कुठे आहे? विचारलं तर हसतेस आणि म्हणतेस, "मावशी, तिच्यावर मला नाही बसवत गं. मागची सीट एवढीशी, उतरती. तो मित्रांबरोबर जातो फिरायला. असू दे."

हे 'असू दे' म्हणालीस ना, त्याचा मला राग आलाय. आता पाणी पी आणि ऐक. तुझ्या काकांनी जुनी फटफटी देऊन नवी आणली तेव्हा काय झालं ते तुझ्या आईनं तुला अर्धंच सांगितलं असणार. तिला वाटतं मी उगाच तमाशा केला. केला असेल. पण उगाच नाही केला.

जुनी तू लहानपणी पाहिली आहेस. काळी, जड, पायानं किक मारून चालू करायची. थंडीत तर किक मारून मारून माणसाला घाम फुटायचा आणि ती मात्र गारच. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. आवाज असा, की हे वसईच्या कारखान्यातून सुटून निघाले, की मला नाक्यावरूनच कळायचं आणि मी चहाचं आधण ठेवायची. मागच्या चाकाला डावीकडे लोखंडी जाळी होती, पदर किंवा साडीचा घोळ चाकात जाऊ नये म्हणून. आणि जाळीच्या खाली पाय ठेवायला एक आडवी पट्टी. एका बाजूला बसणाऱ्या बाईची ती जागा. माझी जागा म्हण.

त्या जागेवर बसून मी काय काय पाहिलं, ते ऐकशील तर तुझ्या नवऱ्याचे मित्र गप्प बसतील. जव्हार, सापुतारा तर झालंच. कोकणातून गोव्यापर्यंत गेलो, घाटाघाटात थांबत. एकदा कच्छला गेलो. आपल्याकडे वसईत मिठागरं आहेत, मला वाटलं मीठ म्हणजे मी पाहिलंय. तिथे जाऊन पाहिलं तर नजर पोचेल तिथवर जमीनच मिठाची. हे म्हणाले, "आता कळलं ना, आपलं मीठ म्हणजे चिमूटभर." दरवर्षी दिवाळी झाली, भाऊबीज उरकली, की आम्ही निघायचो. यांच्या कारखान्यातला एक दोस्त आणि त्याची बायको त्यांच्या गाडीवर, आम्ही आमच्या. वाटेत स्टोव्ह मी पेटवायची. रस्ता मी विचारायची, कारण पुरुषमाणसं रस्ता विचारत नाहीत, चुकतात पण विचारत नाहीत. पुढे वळणावर खड्डा दिसला की मी यांच्या खांद्यावर बोट दाबायची. बोलायला लागायचं नाही.

ती फटफटी म्हातारी झाली हे मलाही दिसत होतं. तेल गळायचं. पडवीत तिच्याखाली मी जुनी परात ठेवायची. सुटे भाग मिळेनात. गोव्याहून येताना ती कणकवलीच्या अलीकडे बंद पडली आणि आम्ही टेम्पोत चढवून आणली, त्या दिवशी मीच म्हणाले, "अहो, आता नवी बघा." नवी गाडी घेण्याला माझा विरोध होता असं कोणी सांगितलं तर खोटं आहे. मी स्वतः म्हणाले होते.

मग घरात बोलणी सुरू झाली. बोलणी म्हणजे हे, आमचा मुलगा आणि तो दोस्त. रविवार आला की पडवीत तिघे बसायचे आणि मी भजी तळायची. बटणावर चालू होते. पुढे डिस्क ब्रेक आहे. गिअर आता डाव्या पायाशी. टाकी मोठी. चाकं खडकाळ रस्त्याला चालतील अशी. उंची भरपूर, नाल्यातून गेली तरी पाणी लागणार नाही. मी भजी नेऊन ठेवायची, ऐकायची, आणि मला वाटायचं, वा, आपली चैन आहे. एकदा मी विचारलं, "मागे बसायला कशी आहे?" मुलगा म्हणाला, "मस्त आहे गं आई." त्यानं कधी मागे बसून पाहिलं होतं, देव जाणे.

गाडी आणायला हे आणि मुलगा, दोघे गेले. जुनी अर्नाळ्याच्या एका मासेमारी करणाऱ्या माणसानं घ्यायची ठरवली होती, ती त्याला देऊन पुढे जायचं होतं. मी म्हणाले, मीही येते. तर म्हणे जागा नाही, फटफटीवर दोघंच मावतात. खरं होतं ते. पण तू बघ, म्हणजे काय झालं? माझ्या जागेवर मुलगा बसला आणि तिथे बसून माझी जागा देऊन टाकायला गेला. तेव्हा मला हे सुचलं नाही. तेव्हा मी ताट तयार करत होते.

आता ताटाचं सांगते. आपल्या घरात नवी वस्तू दारात आली की घरच्या बाईनं ओवाळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. पंप असो, शिलाई मशीन असो. जुन्या फटफटीला माझ्या सासूबाईंनी ओवाळलं होतं, आणि इतकी वर्षं ती आम्हांला घेऊन कुठे कुठे फिरली, कधी एक हाड मोडलं नाही, ते सासूबाईंच्या हाताचं पुण्य, असं हे सगळ्यांना सांगायचे. माणूस कारखान्यात मशीनवर काम करणारा, पण या एका बाबतीत पक्का. म्हणून नवी गाडी हे चालवत आणणारच नव्हते. टेम्पोतून आणली, दोस्तानं आणि मुलानं खाली उतरवली आणि अंगणात उभी केली. झेंडूचा हार, नारळ, सगळं तयार. शेजारपाजारचे जमले.

मी निरांजन लावून बाहेर आले. गाडी खरंच देखणी होती, खोटं कशाला बोलू. लाल टाकी, उन्हात चमकत होती. टाकीवर कुंकवाचं बोट लावलं. मग मागच्या चाकाला हळदीकुंकू लावायला म्हणून डावीकडे वळले. आणि थांबले.

जाळी नव्हती. पाय ठेवायची पट्टी नव्हती. तिथे एक पेटी होती. पत्र्याची, चंदेरी रंग दिलेली, कडीकोयंड्याची, चांगली ट्रंकेएवढी. उजवीकडे एक, डावीकडे एक. डावीकडची अगदी तिथे, जिथे माझे पाय असतात.

मी विचारलं, "हे काय?"

यांचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू. म्हणाले, "पेट्या. मी स्वतः बनवल्या, कारखान्यात, सुट्टी झाल्यावर. तुला सांगितलं नाही मुद्दाम. ही डावीकडची तुझी. उघडून बघ."

मुलानं उघडली. आत कप्पे केलेले. एकात माझा स्टोव्ह बसेल असा गोल. एकात तिखट-मिठाचे डबे. एकात चहासाखरेचे. माझ्या स्वयंपाकघरातून चोरून मापं घेतली होती म्हणे. "तुझे सगळे डबे बसतात बघ," हे म्हणाले.

मी म्हणाले, "डबे बसले. मी कुठे बसू?"

मग हे पेटीकडे बघायला लागले, माझ्याकडे बघायला लागले, परत पेटीकडे. मला तिथेच कळलं, की इतके दिवस मापं घेतली, पत्रा कापला, रंग दिला, आणि बायकोला पाय असतात हे या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

बरं, एवढ्यावर ते म्हणाले असते, 'अगं, चुकलं, ध्यानातच नाही आलं', तर मी हसले असते. देवाशपथ हसले असते. पण सगळी माणसं बघत होती, दोस्त बघत होता. तेव्हा हे काय म्हणाले? म्हणाले, "तसंही आता तुझं वय झालं. कंबर दुखते तुझी. तू एस.टी.नं ये, आम्ही पुढे जाऊन थांबतो. डबे मी नेतो."

ऐकलंस? डबे गाडीवरून जाणार आणि मी एस.टी.नं. वय माझं झालं, यांचं नाही झालं. मी यांच्याहून लहान.

मी ताट तुळशीपाशी ठेवलं. म्हणाले, "ज्या गाडीवर मला जागा नाही, तिला मी ओवाळणार नाही. तिला तुमच्या डब्यांनी ओवाळावं." आणि आत गेले. नारळ तसाच राहिला. निरांजन बाहेर जळून जळून आपोआप विझलं.

आता तुला वाटेल, संध्याकाळी राग गेला असेल. नाही गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, मी मारून आणतो एक चक्कर." तर हे त्याच्यावर ओरडले, "हात लावायचा नाही." गाडीवर ताडपत्री टाकली. जी ताडपत्री आपण सुकेळी वाळवताना दव पडलं की केळ्यांवर टाकतो ना, तीच. म्हणजे माझं सुकेळ्यांचं कामही अडलं. रोज सकाळी हे उठायचे, ताडपत्रीचा एक कोपरा उचलून बघायचे, परत टाकायचे, आणि बसनं कामाला जायचे. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तेवढ्यात ते 'वय झालं' आठवायचं, की मी परत पोळपाट आपटायची.

दोस्त आला समजूत घालायला. म्हणाला, "वहिनी, ओवाळून टाका ना. माणूस जेवत नाही कारखान्यात."

"घरी येऊन दोन माणसांचं जेवतात," मी म्हणाले. "तुमच्या गाडीला आहेत का पेट्या?"

"मला पण करून देणार आहे तो."

"मग तुमच्या बायकोला विचारलंत?"

तो म्हणाला, "तिला काय विचारायचं, तिला आवडतीलच." आणि मग स्वतःच चहाच्या कपात बघत बसला. बशीत ओतलेला चहा गार झाला त्याचा.

मुलानं अक्कल पाजळली ती वेगळीच. म्हणाला, "आई, पंजाबी ड्रेस घाल आणि दोन्हीकडे पाय टाकून बस. पेट्यांच्या पुढे पाय ठेवायला खुंट्या आहेत. प्रश्न मिटला." तूही आता हेच म्हणणार होतीस, तोंडावर दिसतंय तुझ्या. अगं, घालीन की. माझ्या मनात येईल तेव्हा घालीन. आजीसारखं नऊवारी नेसून कासोटा घालीन आणि घोड्यावर बसल्यासारखी बसेन. पण पेटीला जागा हवी म्हणून मी माझा पेहराव बदलायचा? पेटीनं का नाही हलायचं? पेटी कालची, मी लग्नापासूनची. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही." मी म्हणाले, "नाहीच आहे. तू बोलू नकोस, तू फक्त पाना आण." पाना कुठे ठेवलाय, त्याला ठाऊक नव्हतं म्हणे.

दिवाळी जवळ आली. यंदा हंपीला जायचं ठरलं होतं. मला हंपी बघायची होती गं. दगडाचा रथ आहे म्हणतात, त्याची चाकं दगडाची, त्यांना जाळी लागत नाही. रात्रंदिवस डोक्यात हेच, की आपण हट्ट धरलाय आणि या हट्टात यंदाची वारीच बुडणार, आणि यंदा बुडाली की पुढच्या वर्षी हे दोस्ताबरोबर एकटे जातील, आणि मग मी त्या बायकांतली एक होईन ज्या दारात उभं राहून हात हलवतात आणि नंतर फोटो बघतात. मला फोटो बघायचे नव्हते.

अशात एक दिवस बाजारात गेले. मासे घ्यायला वाकले आणि कानावर तो आवाज आला. माझ्या हातानं नकळत पिशवी सावरली, चहाचं आधण ठेवायला हवं असं वाटलं. वळून बघते तर आपली जुनी फटफटी. तिच्यावर तो अर्नाळ्याचा माणूस, आणि मागे, माझ्या जागेवर, त्याची बायको. डावीकडे दोन्ही पाय सोडून, पट्टीवर ठेवून, मांडीवर मासळीची टोपली घेऊन, अशी ऐटीत बसलेली. उतरली, टोपली ठेवली, आणि मला ओळखून हसली. गाडी द्यायची बोलणी झाली तेव्हा नवऱ्याबरोबर घरी येऊन गेली होती ना.

"काय बाय, जुनी गाडी बघताव?" ती म्हणाली. "बरी हाय. तेल पिते, पन पलते."

मी म्हणाले, "जाळी ठेवलीत?"

"मालक बोल्ला, काडतो. टोपली बांदाया अडते. मी बोल्ली, टोपली मांडीवर घेन. जाली काडली तर तू आनि टोपली जावा, मी नाय येनार. मंग कोन विकनार मासली? गप बसला." आणि मग तिनं विचारलं, "नवीन कशी हाय तुमची? बसलाव?"

मी म्हणाले, "बोंबील दे ताजे." तिनं दिले, वर दोन जास्तीचे टाकले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं असेल तिला कोण जाणे.

घरी आले. बोंबील तळले. यांना वाढले. आणि म्हणाले, "अर्नाळ्याची बाई माझ्या जागेवर बसते. टोपली मांडीवर घेते, पण जागा सोडत नाही. नवऱ्यानं तिचं ऐकलं. त्याला काही कारखान्यात शिकवलं नव्हतं कोणी."

यांनी बोंबील परत मागितले नाहीत, आणि बोंबील परत न मागणारे हे, म्हणजे तूच समज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत केळीला पाणी सोडायला गेले होते. परत येते तर अंगणात खडखड. ताडपत्री खाली, हे उकिडवे बसलेले, हातात पाना. मला बघून म्हणाले, "बोल्ट गंजलेत का बघत होतो."

"नव्या गाडीचे?"

"दव पडतं ना."

मी आत जाऊन चहा ठेवला. खिडकीतून बघत होते. डावी पेटी निघाली. मग हे पंपाच्या खोलीत गेले आणि आतून काय घेऊन आले? जाळी. नव्या गाडीबरोबर आलेलीच जाळी आणि पट्टी. पेटीला अडते म्हणून दुकानातच पेट्या बसवताना यांनी काढली आणि घरी आणून पंपामागे टाकली होती. म्हणजे मागे बसणाऱ्या बाईला पाय असतात हे गाडी बनवणाऱ्याला माहीत होतं, माझ्या नवऱ्यालाच माहीत नव्हतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि गेलेला राग पुन्हा आला. चहात साखर टाकायची राहिली. ते तसाच प्यायले.

शेवटी म्हणाले, "एकच पेटी ठेवली तर वजन एका बाजूला जाईल."

"मी दुसऱ्या बाजूला बसते आहे ना?"

मशीनवरचा माणूस, हिशेब डोक्यात चालू झाला असणार. म्हणाले, "मग सगळं सामान उजवीकडे भरायला लागेल."

"भरा."

ओवाळलं मी. नीट ओवाळलं, टाकी, दोन्ही चाकं, आणि यांनाही. नारळ फोडला, तो नासका निघाला, इतके दिवस पडून होता. शेजारीण म्हणाली अपशकुन. मी म्हणाले, अपशकुन कसला, माणसांनी वेळेवर शहाणपण केलं नाही की नारळ नासतो. दुसरा आणून फोडला.

हंपीला गेलो. गाडी उंच, पहिल्यांदा चढायला मला दगडावर उभं राहावं लागलं, पण एकदा बसले की काय सांगू, जुनीपेक्षा हजार पटीनं गुळगुळीत. कंबर दुखली नाही, हे मुद्दाम लिहून ठेव. आणि गाडी सरळ चालली. पूर्वी मी डावीकडे बसले की गाडी जरा डावीकडे ओढायची, हे आयुष्यभर उजवीकडे तोलून चालवत आले होते. आता उजव्या पेटीत स्टोव्ह, डबे, पाना, सगळं. तोल आपोआप आला. हे कोल्हापूरच्या पुढे कुठेतरी थांबून म्हणाले, "हँडल एका बोटावर चालतंय गं." मी पदर सावरून परत बसले. काही वेळा न बोललेलंच जास्त लागतं.

दोस्ताच्या गाडीला यांनी पेट्या केल्या नव्हत्या. का, ते मी विचारलं नाही. पण वाटेत सगळीकडे लोक विचारायचे, एकच पेटी कशी? दोस्त म्हणायचा, "एका शिंगाचा बैल आहे." आणि हे, इतके दिवस तोंड पाडून बसलेले हे, एका ढाब्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "दुसरी पेटी ही काय मागे बसलीय. फक्त तिला कुलूप लागत नाही." सगळे हसले. दोस्ताची बायको सगळ्यांत जास्त. मीही हसले, पण परत येईपर्यंत यांना भजी मिळाली नाहीत.

अजून ती गाडी आहे, अजून जातो आम्ही. 'चुकलं' हा शब्द यांच्या तोंडून अजून आलेला नाही. मी वाट बघते आहे. घाई नाही मला.

तर आता तू. घरी गेलीस की नवऱ्याला म्हण, मला मागे बसवून एक चक्कर मार, आणि माझे पाय कुठे आहेत ते उतरून बघ. साडीत बस, ड्रेसमध्ये बस, मला काही त्याचं नाही. सीट बदलून मिळते, रुंद मिळते, तुझ्या काकांना सांगितलं तर ते स्वतः करून देतील. आता ते मागच्या माणसापासून माप घ्यायला सुरुवात करतात, एवढं मी शिकवलंय. पण विचारायचं तू आहेस. मी तुझ्या दारात येऊन ताट आपटणार नाही.

आणि ती डावी पेटी ना, ती बघ तिथे, फडताळाखाली. कप्पे काढून टाकले मी तिचे. सुकेळी त्यातच ठेवते, मुंगी लागत नाही आत, काम चांगलं केलंय हो माणसानं. तुझ्यासाठी वेगळी बांधून ठेवली आहेत, केळीच्या सोपट्यात, खोडाच्या वाळक्या सालीत. पण आज देणार नाही. पावसाची हवा सुटली की ती मऊ पडतात, तेव्हा त्याआधीच ये. लवकर ये, दोघंही या, आणि बसनं येऊ नकोस. मी नाक्यापर्यंत येऊन उभी राहीन, तुझे पाय कुठे आहेत ते मला बघायचंय.